इमाम गझाली (रह.) : पाठ असलेला धडा आणि उमगलेला धडा



कर्माचे मोल निय्यतीवर ठरते, हा धडा आपणा प्रत्येकाला लहानपणीच मिळालेला असतो. मकतबच्या सतरंजीवर बसून मौलवीसाहेबांच्या मागोमाग तो आपण म्हटलेला असतो. अहंकार वाईट आहे, दिखावा कर्माला पोखरतो, दुनिया नश्वर आहे, मृत्यू अटळ आहे, यांपैकी एकही गोष्ट आपणांस नवी नाही. कोणी विचारले तर आपण त्या न अडखळता सांगू, दुसऱ्याला समजावूनही देऊ. आणि तरीही आयुष्याच्या एखाद्या वळणावर, वडिलांच्या जनाज्याला खांदा देताना, दीर्घ आजारात छताकडे पाहत पडलेले असताना किंवा हातचे पद एकाएकी गेल्यावर, तोच जुना धडा असा काही समोर उभा राहतो की जणू आपण तो प्रथमच ऐकत आहोत. त्या क्षणी आपणांस कळून चुकते की इतकी वर्षे तो आपल्याला पाठ होता, उमगला मात्र नव्हता.

हा अनुभव केवळ तुमच्या-आमच्यासारख्या सामान्यांचाच आहे असे समजू नका. ज्यांना इस्लामी जगताने ‘हुज्जतुल इस्लाम’ म्हणजे ‘इस्लामचे प्रमाण’ ही पदवी दिली, त्या इमाम अबू हामिद मुहम्मद गझाली (रह.) यांचे जीवन याच अनुभवाने दुभंगले आणि याच अनुभवाने पुन्हा जुळले. आपल्या या स्थित्यंतराची हकीकत त्यांनी उतारवयात ‘अल मुन्किज मिनज्जलाल’ या छोट्याशा ग्रंथात स्वतःच लिहून ठेवली आहे. एवढ्या थोर विद्वानाने आपल्याच निय्यतीतील खोट जगासमोर उघड करावी, असे उदाहरण विरळाच. म्हणून त्यांचे चरित्र वाचताना त्यांच्या विद्वत्तेपुढे केवळ मान तुकवून चालणार नाही, तर त्यांना जे उशिरा उमगले ते आपणांस वेळेवर उमगेल काय, हा प्रश्न आपण स्वतःला विचारला पाहिजे.

लोकर कातणाऱ्या पित्याची दुआ

हिजरी ४५० म्हणजे इ.स. १०५८ च्या सुमारास खुरासान प्रांतातील तूस येथे इमामसाहेबांचा जन्म झाला. हे ठिकाण आजच्या इराणच्या ईशान्य भागात, मशहद शहराजवळ आहे. चरित्रकार ताजुद्दीन सुबकी यांनी दिलेल्या वृत्तान्तानुसार त्यांचे वडील लोकर कातून तूसमधील आपल्या दुकानात विकत असत. गरीब, कष्टाळू आणि स्वतःच्या हातच्या कमाईवर जगणारा हा गृहस्थ लिहिण्या-वाचण्यापासून वंचित राहिला होता. पण फावल्या वेळी तो आलिमांच्या मजलिसीत जाऊन बसे, जमेल तशी त्यांची सेवा करी, त्यांची प्रवचने ऐकून त्याचे डोळे भरून येत, आणि अल्लाहने आपल्याला विद्वान पुत्र द्यावा अशी तो काकुळतीने दुआ मागे.

मृत्यू जवळ आला तेव्हा त्याने मुहम्मद आणि अहमद या आपल्या दोन लहान मुलांना एका सूफी मित्राच्या स्वाधीन केले. आपल्याला जे शिकता आले नाही ते या मुलांना मिळावे आणि त्यासाठी जवळची सारी पुंजी खर्च झाली तरी चालेल, असे त्याने बजावले. पुंजी ती केवढी असणार? काही काळातच ती संपली. तो मित्रही फकीर. त्याने मुलांना प्रामाणिकपणे सांगितले की आता मदरशात नाव घाला, तेथे निदान दोन वेळच्या जेवणाची सोय होईल. अशा रीतीने हे दोघे भाऊ मदरशात गेले ते भाकरीच्या शोधात. पुढे इमामसाहेब या गोष्टीची आठवण काढीत आणि कबूल करीत की आपण ज्ञानाकडे अल्लाहसाठी गेलो नव्हतो, परंतु ज्ञान मात्र अल्लाहखेरीज दुसऱ्या कोणाचे व्हायला तयार झाले नाही.

वाचकहो, येथे क्षणभर थांबा. त्या पित्याला आपल्या दुआचे फळ पाहायला मिळाले नाही. आपला मुलगा किती मोठा होणार आहे याची त्याला कल्पना नव्हती आणि मुलालाही पित्याच्या त्या अश्रूंचा अर्थ त्या वयात कळला नव्हता. आपल्या कष्टाच्या पैशातून मुलाला शिकविणारे, स्वतः अंगठा उठविणारे आईबाप आपल्याही मोहल्ल्यांत आहेत. मूल आज आपले ऐकत नाही, आपण सांगितलेले त्याला कळत नाही, म्हणून त्यांनी निराश होऊ नये. पेरलेले बी कोणत्या पावसात उगवेल हे पेरणाऱ्याच्या हाती नसते.

दरोडेखोराने शिकविलेला धडा

तूस येथे अहमद राजकानी यांच्याकडे फिकहचे प्राथमिक शिक्षण घेऊन तरुण गझाली पुढील शिक्षणासाठी जुर्जान येथे गेले. त्या काळी शिष्य गुरूंच्या मुखातून जे ऐकत ते टिपून घेत आणि या टिपणांची वही हीच विद्यार्थ्याची खरी संपत्ती असे. जुर्जानहून परतताना वाटेत दरोडेखोरांनी काफिला लुटला. त्यांनी गझालींचेही सारे सामान नेले आणि त्यात ती टिपणेही गेली.

तरुण गझाली त्या टोळीच्या म्होरक्याच्या मागे मागे गेले. बाकी सर्व ठेवा, पण ते कागद तेवढे परत द्या, त्यांचा तुम्हाला काही उपयोग नाही आणि माझी सारी विद्या त्यांतच आहे, अशी त्यांनी विनवणी केली. म्होरक्या हसला. कागद गेले की ज्याची विद्याही जाते त्याने आपल्याला विद्वान म्हणवून घ्यावे काय, अशा अर्थाचा टोला त्याने मारला आणि कागद परत करविले.

तो म्होरक्या विद्वान नव्हता, सदाचारी तर मुळीच नव्हता. पण गझालींनी त्याच्या बोलण्याचा राग धरला नाही. अल्लाहनेच आपल्याला मार्ग दाखविण्यासाठी या माणसाच्या तोंडून हे वदविले, असे त्यांनी मानले. तूसला पोहोचल्यावर तीन वर्षे खपून त्यांनी ती सारी टिपणे मुखोद्गत केली. आता पुन्हा कोणी लुटले असते तरी त्यांची विद्या जाणार नव्हती.

त्यांच्या जीवनातील ही पहिली पायरी होय. विद्या कागदावरून मस्तकात आली. मस्तकातील विद्याही लुटली जाऊ शकते, आणि ती लुटणारा चोर वाटेवर दबा धरून बसलेला नसतो तर आपल्याच आत राहतो, हे कळायला मात्र त्यांना आणखी सुमारे वीस वर्षे लागायची होती.

बगदादचे वैभव

तूसहून ते निशापूरला गेले आणि त्या युगाचे श्रेष्ठ विद्वान इमामुल हरमैन जुवैनी (रह.) यांचे शिष्य झाले. फिकह, उसूल, कलाम, तर्कशास्त्र अशा सर्व शाखांत त्यांनी असे प्रावीण्य मिळविले की गुरूंच्या हयातीतच त्यांचे नाव दूरवर पसरले. हिजरी ४७८, इ.स. १०८५ मध्ये जुवैनी (रह.) अल्लाहला प्यारे झाले. त्यानंतर गझाली सल्जूक साम्राज्याचा प्रख्यात वजीर निजामुल मुल्क याच्या छावणीत दाखल झाले. तेथे विद्वानांच्या सभा भरत, वादविवाद होत आणि त्यांत या तरुणापुढे कोणाचा टिकाव लागत नसे. हिजरी ४८४, इ.स. १०९१ मध्ये निजामुल मुल्कने त्यांची बगदादच्या मदरसा निजामियाचे मुख्य अध्यापक म्हणून नेमणूक केली. त्या वेळी त्यांनी वयाची पस्तिशीही गाठली नव्हती.

इस्लामी जगतात विद्वानाला याहून मोठे आसन नव्हते. ३०० विद्यार्थी त्यांच्या दर्साला बसत. खलिफाच्या दरबारात त्यांचा शब्द मानला जाई. इतिहासकार इब्नुल जौझी यांनी नोंदविले आहे की त्यांनी बगदादमध्ये प्रवेश केला तेव्हा लोकांनी त्यांच्या वस्त्रांची आणि वाहनाची किंमत ५०० दीनार आकारली होती. अध्यापनातून उरणाऱ्या वेळात त्यांनी कोणाही गुरूच्या मदतीविना तत्त्ववेत्त्यांचे ग्रंथ अभ्यासले. दोन वर्षांच्या आत ते समजून घेतले, आणखी एक वर्ष त्यांवर चिंतन केले आणि मग ‘तहाफुतुल फलासिफा’ हा खंडनग्रंथ लिहिला. बातिनी पंथाच्या मतांचेही त्यांनी खंडन केले.

याच काळात त्यांच्या डोळ्यांदेखत दुनियेचे खांब कोसळत होते. इ.स. १०९२ च्या ऑक्टोबरात त्यांचा आश्रयदाता निजामुल मुल्क मारेकऱ्याच्या सुऱ्याला बळी पडला. महिना-दीड महिन्यात सुलतान मलिकशाहही मरण पावला आणि वारसांमध्ये गादीसाठी युद्धे जुंपली. दोन वर्षांच्या आत खलिफा मुक्तदीचेही निधन झाले. दुनियेची नश्वरता हा विषय गझालींनी किती वेळा शिकविला असेल! आता तो विषय त्यांच्यासमोर घडत होता.

जीभ गोठली तो दिवस

सत्याचा शोध त्यांना तारुण्यापासूनच बेचैन करीत आला होता. कलामचे पंडित, बातिनी, तत्त्ववेत्ते या सर्वांची मते तपासून झाल्यावर ते सूफींच्या मार्गाकडे वळले. अबू तालिब मक्की यांचे ‘कूतुल कुलूब’, हारिस मुहासिबी यांचे ग्रंथ आणि जुनैद, शिबली, बायजीद या बुजुर्गांची वचने त्यांनी वाचून काढली. बुद्धी अशी तीक्ष्ण की या मार्गाचे जे काही वाचून कळण्याजोगे होते ते त्यांना पाहता पाहता कळले. मग त्यांच्या ध्यानात आले की उरलेला भाग वाचून कळणारा नाहीच. तो जगून, चाखून आणि स्वतःला बदलूनच हाती येणार.

यात अवघड असे काही नाही, वाचकहो. ज्या मुलाने अजून एकही रोजा ठेवलेला नाही त्यालाही रोजाचे सारे नियम पाठ असू शकतात. सहरी केव्हा संपते, कशाने रोजा तुटतो, हे तो बिनचूक सांगेल. पण वैशाखातल्या दुपारी समोर गार पाण्याचा माठ आहे, घरात कोणी पाहत नाही, आणि तरीही हात पुढे जात नाही, त्या घटकेला त्याला जे कळते ते कोणत्या पुस्तकाने त्याला सांगितले असते? इमामसाहेबांना आपली अवस्था पहिल्या मुलासारखी वाटू लागली. वैराग्याची व्याख्या त्यांना ठाऊक होती, पण वैराग्य त्यांच्यात नव्हते.

मग त्यांनी स्वतःची तपासणी केली. आपले सर्वांत उत्तम कर्म कोणते? अध्यापन. परंतु त्यातही आपण जे शिकवीत आहोत त्यातले बरेचसे परलोकाच्या वाटेवर कामाचे नाही, असे त्यांना आढळले. आणि हे अध्यापन तरी कशासाठी? अल्लाहच्या प्रसन्नतेसाठी, की नावलौकिकासाठी? बाहेर जगाला ज्यांच्या उत्तराने समाधान वाटे, त्यांना आपल्याच या प्रश्नाचे उत्तर देताना लाज वाटली. आपण जहन्नमच्या खाईच्या ढासळत्या काठावर उभे आहोत, असे त्यांना स्पष्ट दिसू लागले.

हिजरी ४८८ च्या रजब महिन्यापासून, म्हणजे इ.स. १०९५ च्या जुलैपासून, सुमारे सहा महिने ही ओढाताण चालली. सकाळी सर्व सोडून निघावे असा निर्धार होई, संध्याकाळपर्यंत तो विरून जाई. नफ्स समजूत घाली की ही मनाची तात्पुरती लहर आहे. एवढे निष्कंटक पद, एवढा मान एकदा सोडलास तर पुन्हा मिळणार नाही, आणि मग पस्तावशील. ईमान बजावी की आयुष्य थोडे उरले आहे, प्रवास लांबचा आहे आणि तुझे आजवरचे ज्ञान व कर्म हा निव्वळ दिखावा आहे.

अखेर निर्णय त्यांच्या हाती राहिला नाही. एके दिवशी ते दर्स देण्यास बसले आणि जिभेतून शब्द फुटेना. विद्यार्थ्यांसाठी तरी काही बोलावे म्हणून त्यांनी प्रयत्न केला, पण व्यर्थ. ज्या जिभेने भल्याभल्यांना निरुत्तर केले होते ती जीभच निरुत्तर झाली. या दुःखाने अन्नावरची वासना उडाली, घोट गिळवेना, घास पचेना, शरीर खंगत चालले. हकिमांनी हात टेकले. हा आजार शरीराचा नसून हृदयातून उतरलेला आहे आणि मनाचा भार हलका होईपर्यंत औषधाचा उपयोग नाही, असे त्यांनी सांगितले.

तेव्हा या महापंडिताने ज्याच्याजवळ कोणताच उपाय उरला नाही अशा माणसाप्रमाणे अल्लाहचा धावा केला. ज्या पदाचा आणि मालमत्तेचा त्याग त्यांना अशक्य वाटत होता, तो त्यानंतर त्यांना सोपा वाटू लागला. आपल्यापुरते आणि मुलाबाळांच्या निर्वाहापुरते ठेवून बाकीची संपत्ती त्यांनी वाटून टाकली. निजामियातील आपल्या जागी धाकटे बंधू अहमद यांची व्यवस्था केली. हजला जातो असे सांगून इ.स. १०९५ च्या नोव्हेंबरात त्यांनी बगदाद सोडले, मनातून मात्र त्यांनी शामचा मार्ग धरला होता. मागे लोकांत नाना तर्क चालले. राज्यकर्त्यांशी काही बिनसले असावे, असे दूरचे म्हणत. राज्यकर्ते त्यांना थांबविण्यासाठी कसे आर्जव करीत आहेत हे पाहणारे जवळचे लोक म्हणत की नजर लागली. एवढे उच्च धार्मिक पद कोणी धर्मासाठीच सोडील, ही गोष्ट कोणाच्या कल्पनेतच येईना.

मिनारातील एकांत आणि खलील नगरीतील प्रतिज्ञा

शाममध्ये ते सुमारे दोन वर्षे राहिले. दमास्कसच्या मोठ्या मशिदीच्या मिनारावर चढून ते दार आतून लावून घेत आणि दिवसभर इबादत व चिंतनात घालवीत. तेथून ते बैतुल मुकद्दसला गेले व कुब्बतुस्सखरा येथेही असाच एकांतवास केला. मग खलील नगरीत हजरत इब्राहीम (अलै.) यांच्या कबरीपाशी उभे राहून त्यांनी तीन गोष्टींची प्रतिज्ञा केली : कोणत्याही सुलतानाचे धन घेणार नाही, कोणत्याही सुलतानाच्या दरबारी जाणार नाही आणि लोकांसमोर वादविवादाच्या फडात उतरणार नाही.

या तीन गोष्टी नीट पाहा. बगदादमध्ये त्यांचे वैभव नेमक्या याच तिघींवर उभे होते : दरबारचे धन, दरबारचा मान आणि वादातला विजय. त्यांनी आपल्या आजाराचे मूळ शोधून काढले आणि नेमके तेवढेच छाटले. आपण तौबा करतो तेव्हा बहुधा अशी गोष्ट सोडतो जी सोडायला फारसे पडत नाही. जी गोष्ट सोडताना जीव कासावीस होतो तिच्याजवळच आपली परीक्षा असते.

त्यानंतर त्यांनी हज केले आणि मदीना मुनव्वरा येथे प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या रौजाचे दर्शन घेतले. याच काळात ‘इह्याउ उलूमिद्दीन’ हा त्यांचा अमर ग्रंथ आकारास आला. त्याचे ४ भाग आणि प्रत्येक भागात १० प्रकरणग्रंथ, असे एकूण ४० आहेत : उपासना, दैनंदिन व्यवहार, मनुष्याचा नाश करणारे दुर्गुण आणि त्याला तारणारे सद्गुण. पहिला ग्रंथ ज्ञानावर, तर शेवटचा मृत्यू आणि परलोकावर आहे. मान-सन्मानाची लालसा आणि दिखावा, गर्व आणि आत्मसंतोष, आत्मवंचना यांवर त्यांनी जे लिहिले ते वाचताना असे वाटते की हा माणूस आपल्या घरात येऊन आपल्याला पाहून गेला आहे. त्याचे कारण आता तुमच्या ध्यानात आले असेल. आत्मवंचनेत सापडलेल्यांचे चार वर्ग सांगताना त्यांनी सुरुवात विद्वानांपासून केली आहे. ज्या रोगाने ते स्वतः पछाडले होते त्याचेच वर्णन त्यांनी केले.

एक गोष्ट येथे प्रामाणिकपणे नमूद केली पाहिजे. या ग्रंथातील अनेक हदीस प्रमाणाच्या दृष्टीने दुर्बल आहेत, असे हदीसतज्ज्ञांनी दाखवून दिले आहे आणि हाफिज जैनुद्दीन इराकी यांनी त्यांची छाननी करून ठेवली आहे. या शास्त्रात आपली पुंजी तोकडी आहे हे स्वतः इमामसाहेबांनीही मान्य केले होते. म्हणून हा ग्रंथ वाचताना ती छाननी जवळ ठेवावी.

घराकडे परतणे

वाचकहो, काही जणांची येथे गल्लत होते. गझालींनी दुनिया सोडली म्हणजे घरदार सोडून रानोमाळ भटकणे हाच अल्लाहचा मार्ग, असा अर्थ ते काढतात. परंतु हकीकत पुढे चालू राहते. हिजाजमध्ये असतानाच त्यांना मुलाबाळांची ओढ लागली आणि घरच्यांच्या हाकेने ते मायदेशी परतले. ज्या माणसाने परतण्याचा विचार मनातून पार काढून टाकला होता, तोच माणूस मुलांसाठी परतला. वाटेत बगदादला थोडा काळ थांबून ते तूसला आले. ज्यांच्या पोशाखाची व वाहनाची किंमत एके काळी ५०० दीनार आकारली गेली होती, त्यांच्या अंगावरच्या कपड्यांची किंमत बगदादकरांनी आता १५ किरात केली, असे इब्नुल जौझी यांनीच लिहिले आहे.

तूसमध्ये त्यांना हवा तसा निर्वेध एकांत लाभला नाही. संसाराच्या गरजा, उदरनिर्वाहाची चिंता, काळाच्या घडामोडी सतत आड येत. निवांत घटका अधूनमधूनच मिळे. पण त्यांनी आशा सोडली नाही, व्यत्यय आला की ते पुन्हा आपल्या वाटेवर येत. स्वयंपाकघर, लेकरे आणि वृद्धांची सेवा यांतून नमाजपुरती शांतता कशीबशी मिळविणाऱ्या आमच्या भगिनींना, आणि दुकान बंद करून इशाला धावत येणाऱ्या आमच्या बांधवांना, ही गोष्ट दिलासा देणारी आहे. हुज्जतुल इस्लामलाही याहून वेगळे आयुष्य मिळाले नव्हते.

या एकांतवासाला ११ वर्षे झाली. हिजरी ४९९, इ.स. ११०६ मध्ये निजामुल मुल्कचा पुत्र वजीर फख्रुल मुल्क याच्या आग्रहावरून निशापूरच्या निजामियात शिकविण्याचे त्यांनी मान्य केले. लोकांच्या ईमानाला कीड लागली असताना, औषध ठाऊक असणाऱ्याने आपली शांती जपत घरात बसून राहणे हेही एक प्रकारचे आळसाचे सुख आहे, असे त्यांच्या मनाने घेतले. हिजरीचे नवे शतक उंबरठ्यावर होते. अनेक सज्जनांशी त्यांनी सल्लामसलत केली व मगच पाऊल उचलले. वरवर पाहता ते पूर्वीच्याच कामावर रुजू झाले होते. परंतु पूर्वी ते ज्या ज्ञानाने मान मिळतो ते शिकवीत, आता ज्या ज्ञानाने मानाची हाव सुटते ते शिकवू लागले. आसन तेच, बसणारा बदललेला होता.

हा बदल खरा होता काय? याची साक्ष एका समकालीनाने दिली आहे. निशापूरचे विद्वान अब्दुल गाफिर फारसी हे गझालींना पूर्वीपासून ओळखत होते. बुद्धीच्या आणि वाणीच्या घमेंडीत लोकांना तुच्छ लेखणारे पूर्वीचे गझाली त्यांनी पाहिले होते. म्हणून परतलेल्या गझालींची नम्रता पाहून त्यांना प्रथम ते सोंग वाटले. त्यांनी वारंवार भेटी घेतल्या, पारखून पाहिले आणि शेवटी लिहून ठेवले की आपला तर्क चुकीचा होता, हा माणूस खरोखरच भ्रमातून जागा झाला आहे. मशिदीत, जमातीत आपल्याला कोण काय म्हणते यापेक्षा, आपले जुने परिचित आणि आपल्या घरची माणसे आपल्यातील बदलाची अशी साक्ष देतील काय, हे आपण पाहिले पाहिजे.

अखेरची वर्षे

काही काळानंतर ते पुन्हा तूसला आले. घराशेजारीच त्यांनी विद्यार्थ्यांसाठी मदरसा आणि सूफींसाठी खानकाह बांधली. बगदादच्या त्याच जुन्या आसनावर परत येण्याचे निमंत्रण त्यांना आले, तेव्हा त्यांनी खलील नगरीतील प्रतिज्ञेची आठवण देऊन ते विनयाने नाकारले. एका शिष्याने उपदेश मागितला असता त्यांनी ‘अय्युहल वलद’ नावाची पुस्तिका लिहून दिली. आचरणाविना ज्ञान तारत नाही, हेच तिचे सूत्र आहे. आणि ज्या शास्त्रात आपण कच्चे आहोत असे त्यांना वाटे त्या हदीसशास्त्राच्या अध्ययनाला, बुखारी व मुस्लिम या संग्रहांच्या वाचनाला, त्यांनी शेवटच्या दिवसांत वाहून घेतले. पन्नाशी ओलांडलेला, जगाने इमाम मानलेला विद्वान पुन्हा विद्यार्थी होऊन बसला.

हिजरी ५०५ च्या जमादिउल आखर महिन्यात, इ.स. ११११ च्या डिसेंबरात, सोमवारच्या पहाटे त्यांनी वुजू करून नमाज अदा केली. त्यांचे बंधू अहमद यांनी सांगितल्याप्रमाणे, मग त्यांनी आपले कफन मागितले, ते डोळ्यांना लावले, धन्याच्या भेटीची तयारी दर्शविली आणि किब्ल्याकडे पाय करून ते आडवे झाले. सूर्य वर येण्यापूर्वी त्यांचा आत्मा निघून गेला. मागे त्यांच्या कन्या राहिल्या. गाठीशी मोठी संपत्ती नव्हती, आणि ती कोणी लुटून नेण्याजोगीही नव्हती.

आपल्यासाठी बोध

त्यांची विद्या कागदावरून मस्तकात, मस्तकातून हृदयात आणि हृदयातून आचरणात आली. पहिल्या टप्प्याला एक दरोडेखोर निमित्त झाला, दुसऱ्याला एक आजार आणि तिसऱ्याला लेकरांची हाक व लोकांची गरज. प्रत्येक वेळी धडा जुनाच होता. समजले ते त्याची किंमत मोजल्यावर.

मग पाठांतर व्यर्थ आहे काय? मुळीच नाही. ‘इह्या’मध्येच मुलांच्या संगोपनावर लिहिताना इमामसाहेबांनी लहानपणीच्या संस्कारांना मोठे महत्त्व दिले आहे. जे मुलाला आज केवळ पाठ आहे तेच उद्या त्याच्या संकटात त्याच्या उपयोगी पडेल. गझालींच्या हृदयात ते धडे आधीपासून नसते तर आजाराने त्यांना फक्त आजारी केले असते, जागे केले नसते. म्हणून मुलांना शिकवीत राहा, आणि स्वतःचे पाठ असलेले धडे मात्र अधूनमधून तपासून पाहा. नमाजनंतर पाच मिनिटे बसा आणि आजच्या दिवसातले आपले सर्वांत चांगले काम कोणते ते आठवा. तेच काम, कोणी पाहणारे नसते, कोणी नाव घेणारे नसते, तरी आपण केले असते काय, एवढाच प्रश्न स्वतःला विचारा. उत्तर देताना जीभ अडखळली तर घाबरू नका. इमाम गझालींची जीभही अडखळली होती, आणि त्यांचा खरा प्रवास तेथूनच सुरू झाला होता.

अल्लाह इमाम गझाली (रह.) यांच्यावर आपल्या कृपेचा वर्षाव करो, जे आपणांस पाठ आहे ते आपल्या हृदयात उतरवो, आणि त्यासाठी मोठ्या संकटाची वाट पाहण्याची वेळ आपणांपैकी कोणावरही न आणो. आमीन.